थर्ड कोणाचा?

अँगलसरांना खुर्ची दिली की ते बसत नाहीत, आधी ती फिरवतात. लग्नात, बारशाला, दाताच्या दवाखान्यात, कुठेही. मागचा एक पाय जरा तिरका करतात, उभं राहून मान वाकडी करून बघतात, पुन्हा वीतभर डावीकडे सरकवतात आणि मग "हां, आता दिसतं," म्हणत टेकतात. काय दिसायचं असतं, असं मी एकदा एका लग्नात विचारलं. "नवरा, नवरी, हार आणि भटजी," ते म्हणाले. "चारही एका नजरेत आले पाहिजेत." पुढे मंगलाष्टकं संपताना हार खाली पडला. तो कोणाच्या हातून पडला यावर दोन्हीकडच्या आत्यांची चांगलीच जुंपली. खरं काय ते सरांनी पाहिलं होतं, पण जेवून हात धुवेपर्यंत ते बोलले नाहीत. रिक्षात मी छेडलं तर म्हणाले, "अपील आलं नाही ना. अपील आल्याशिवाय आपण निर्णय देत नसतो."

त्यांचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर असेल. उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये ते अँगलसर. धंद्याने पीटीचे मास्तर, वृत्तीने बेस अंपायर. मी शालेय सॉफ्टबॉलच्या सामन्यांना टेबलावर बसून गुण लिहितो, त्यामुळे हा माणूस मी उन्हात, धुळीत, पावसाच्या पहिल्या सरीत आणि जेवणाच्या पाकिटात लोणचं नसताना, अशा सगळ्या अवस्थांत पाहिला आहे.

सॉफ्टबॉलला अंपायर किती लागतात? मोठ्या सामन्यांना तीन-चार असतात म्हणे. आमच्याकडे दोन, तेही दोघं आले तर. हिशेब करून बघा. होम धरून बेस चार. मैदानात फिल्डर नऊ. भरात आलेल्या इनिंगमध्ये रनर तीन आणि बॅटर एक. आणि हे सगळं बघायला डोळे चार. त्यातले दोन कॅचरच्या मागे वाकलेल्या प्लेट अंपायरचे, आणि त्यांना दर चेंडूला बॉल की स्ट्राइक एवढंच पुरतं. उरलेल्या अख्ख्या संसाराचा भार एका माणसावर. तो बेस अंपायर.

प्लेट अंपायरबद्दल सरांना आदर आहे, पण तो घरजावयाबद्दल असतो तसा. "त्याला मास्क आहे, छातीला गार्ड आहे, पायाला पॅड आहेत," सर म्हणतात. "आणि जागा? ती आयतीच. कॅचर बसला की त्याच्या मागे जाऊन वाकायचं. आपल्याला दर चेंडूला नवी जागा शोधावी लागते."

या जागेचं शास्त्र त्यांनी मला पहिल्यांदा दालपकवानच्या गाडीवर शिकवलं. दालीची वाटी म्हणजे होम. कांदा फर्स्ट, चटणी सेकंड, तळलेली मिरची थर्ड. पकवानाचा तुकडा म्हणजे चेंडू. "आणि मी चमचा," सर म्हणाले.

बेसवर कोणी नसेल तेव्हा चमचा कांद्याच्या पलीकडे, फाउल लाइनच्या बाहेर, पाच-सहा पावलं मागे. फर्स्टवर रनर आला की चमचा कांदा आणि चटणीच्या मधे, सेकंड बेसमनच्या मागे, पण त्याच्या वाटेत नाही. रनर सेकंडला किंवा थर्डला गेला की चमचा चटणी ओलांडून मिरचीच्या बाजूला. पुस्तकात या जागांना ए, बी, सी म्हणतात. इथपर्यंत मला समजलं. मग सरांनी पकवानाचा तुकडा बोटाने उडवला.

"चेंडू इनफिल्डमध्ये आहे तोवर चमचा बाहेर. चेंडू इनफिल्डच्या बाहेर गेला, की चमचा आत!" असं म्हणत त्यांनी चमचा आकड्यासारखा वळवून थेट वाटीत नेला. "का? आतून चारी बेस जवळ. मागे वळायला नको, पाठ कोणाला द्यायला नको. लोक काय करतात, चेंडूमागे पळतात. चेंडू काय, तो कुठेही जाईल. आपण चेंडू जिथे परत येणार तिथे बघायचं."

"साईं, दाल ठंडी हो रही है," गाडीवाला म्हणाला.

सरांची दाल नेहमी थंडच असते. त्याला कारण त्यांचं दुसरं शास्त्र: घाई करायची नाही. थांबायचं, पाहायचं, खेळ पूर्ण होऊ द्यायचा आणि मगच हात वर न्यायचा. झेल घेतल्यासारखा वाटणारा चेंडू शेवटच्या क्षणी ग्लोव्हमधून निसटतो आणि मूठ आधीच वर गेलेली असेल तर ती खाली आणायला देवही येत नाही. मैदानावर हे सोन्यासारखं तत्त्व आहे. घरी याच तत्त्वापायी दोन पातेली करपली आहेत. "अहो, दूध बघा हं," असं वहिनी सांगून गेल्या की सर ओट्याच्या कोपऱ्याला काटकोनात उभे राहतात आणि खरोखरच दूध बघतात. साय वर येते, कडेला टेकते, कडेवरून खाली उतरते. खेळ पूर्ण झाल्याशिवाय सर गॅसला हात लावत नाहीत.

वहिनी आणि सरांच्या आई यांच्यात वाजलं की सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. दोघीही सारख्या अंतरावर, दोघींचेही चेहरे दिसताहेत, हात गुडघ्यांवर. "तुम्हीच सांगा, कोण चुकलं?" असा प्रश्न आला की ते जरा थांबतात आणि म्हणतात, "दोघी आपापल्या बेसवर सेफ आहात." एवढ्या वर्षांत त्या घरात कोणी आऊट झालेलं नाही, यावर सर खूश असतात. वहिनींचं मत वेगळं आहे, पण त्यांनी अपील करणं सोडून दिलंय.

या अंगाने पाहिलं तर सर कॅम्प ५ मध्येच जन्माला यायला हवे होते, आणि आले. आमचं गावच मुळी जागा धरून झालेलं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून माणसं आली ती या बरॅकींत उतरली, मधे चादरी टांगून एकेका बरॅकीत कितीतरी घरं झाली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. कोनशिला या शब्दावर सरांचा फार जीव. "बघा, गावाची सुरुवातच कोनाने झाली," हे ते दर नव्या अंपायरला एकदा तरी ऐकवतात. अजूनही इथे पत्ता विचारला तर बरॅक नंबर आणि सेक्शन सांगतात. सर मात्र कुरिअरवाल्याला फोनवर सांगतात, "समजा तुम्ही होमवर उभे आहात. मेडिकलवाला तुमचा पिचर. त्याच्या डाव्या खांद्यावरून शॉर्टस्टॉपला या, तिथे पाण्याची टाकी आहे." त्यांची पार्सलं बहुतेक वेळा परत जातात.

अंबरनाथच्या शिवमंदिराला शाळेची सहल नेली की मुलं दारासमोर फोटोला उभी राहतात आणि सर एकटेच मागच्या कोपऱ्याकडे चालू लागतात. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं ते देऊळ. त्याच्या भिंती सपाट नाहीतच, कोपऱ्यामागून कोपरा निघत जातो आणि उन्हाची तिरीप प्रत्येक मूर्तीवर वेगळी पडते. "समोरून हे देऊळ अर्धंच दिसतं," सर म्हणतात. "ज्याने बांधलं त्याला माहीत होतं की माणसं दारातून येतील, पण बघणारा कडेनेच बघेल." मला तिथल्या कोरीवकामातलं फार कळत नाही, पण सरांच्या शेजारी उभं राहून पाहिलं तेव्हा ते देऊळ खरोखर मोठं वाटलं, हे कबूल करतो.

नुसता कोन असून चालत नाही असं एक ठिकाण आहे, उल्हासनगर स्टेशन. सकाळच्या लोकलचा डबा कुठे थांबतो, दार कोणत्या खांबासमोर येतं, उतरणारे कुठल्या बाजूने फुटतात, हे सगळं सरांनी मोजून ठेवलंय. त्यांच्याइतक्या अचूक जागी फलाटावर कोणी उभं राहत नाही. गाडी येते, दार बरोब्बर त्यांच्यासमोर थांबतं. दारात बदलापूरचे चौघं असतात, त्यांच्या मागे अंबरनाथचे सहा. गाडी जाते. "पोझिशन परफेक्ट होती," सर म्हणतात आणि रिक्षाने कल्याण गाठतात.

आमच्या मैदानाबद्दल सांगायला हवं. सॉफ्टबॉलच्या दोन बेसमधलं अंतर ६० फूट. आमच्याकडे ६० फूट मोजून मिळतात, पण त्यांत लग्नाच्या मांडवाच्या खुंट्यांची भोकं, क्रिकेटवाल्यांची खेळपट्टी आणि एक कायमची झोपलेली कुत्री येते. तिला सर 'शॉर्टफिल्डर' म्हणतात. बेस विकत आणायला एक वर्ष पैसे नव्हते, तेव्हा जीन्स शिवणाऱ्या एका कारागिराने चिंध्या भरून बेस शिवून दिले. माप चोख, १५ इंच बाय १५ इंच. फर्स्टला धडक होऊ नये म्हणून दुहेरी बेस असतो, अर्धा पांढरा आत फिल्डरसाठी, अर्धा नारिंगी बाहेर रनरसाठी. तोही त्याने शिवला. फक्त सवयीने नारिंगी भागाला मागचा खिसा लावला. त्या मोसमात एका रनरचा बूट खिशात अडकला आणि ती बेससकट राइट फिल्डला गेली. रनर बेसला चिकटून आहे पण बेस जागेवर नाही, अशा वेळी काय? सर तीन सेकंद थांबले आणि दोन्ही हात पसरून 'सेफ' दिलं. "बेस सुटला तर त्यात रनरचा काय दोष? ती पोचली होती," म्हणाले. संध्याकाळी त्यांनी स्वतः कात्रीने तो खिसा उसवला.

फर्स्टचा निर्णय कसा देतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. डोळे बेसवर ठेवायचे, रनरच्या पायावर. चेंडू डोळ्यांनी पाहायचाच नाही, तो कानांनी ऐकायचा. ग्लोव्हमध्ये 'थप्प' आवाज आधी आला, की पाय आधी पडला, एवढंच ठरवायचं. हे ज्याने शोधून काढलं तो कॅम्प ५ मध्ये राहत नसणार. आमच्याकडे मैदानाच्या एका अंगाला शिलाई मशीन, दुसऱ्या अंगाला रिक्षा स्टँड आणि तिसरीकडे कोणाची ना कोणाची हळद. एका रविवारी डीजे असा दणकत होता की सरांना दर ठोक्याला चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा भास व्हायला लागला. दुसऱ्या इनिंगनंतर ते सामना थांबवून हळदीत गेले. परत आले तेव्हा डीजे बंद होता आणि सरांच्या दोन्ही गालांना हळद होती. उरलेला सामना तसाच झाला.

पालक हा आणखी एक प्रकार. एकेकाळी पालक मैदानाकडे फिरकत नसत. आता दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे फर्स्टला आऊट दिलेली पोरगी ही पोरगी नसते, हुकलेली पोलिस भरती असते. "सर, चश्मा बदलो!" अशी आरोळी आली की सर शांतपणे आरोळीच्या दिशेने बघतात. राग आलेला नसतो. ओरडणारा कुठून ओरडला, तिथून फर्स्ट दिसतो का, हे ते तपासत असतात. सामना संपल्यावर त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "तुमचं बरोबर आहे. तुम्ही उभे होता तिथून ती सेफच दिसणार." याहून मोठा अपमान कॅम्प ५ मध्ये कोणी कोणाचा केलेला नाही.

सरांचं धैर्य मी एकदाच पाहिलं. फर्स्टवर रनर होती, सर बी जागी, सेकंड बेसवालीच्या मागे. सणसणीत ग्राउंडर आला, तिच्या पायाजवळून निसटला आणि सरांच्या नडगीवर लागला. सर कोसळले. आता नियम असा की चेंडू इनफिल्डरला ओलांडून पुढे गेल्यावर अंपायरला लागला तर खेळ चालूच राहतो. ओलांडायच्या आधी लागला तर डेड बॉल, बॅटरला फर्स्ट. इकडे सेकंड बेसवाली हळवी. तिने ग्लोव्ह टाकला आणि "सर, लागलं का?" म्हणत धावली. सर धुळीत आडवे, नडगी दोन्ही हातांत, आणि ओरडताहेत, "लाइव्ह! लाइव्ह! माझ्याकडे काय बघतेस, चेंडू बघ!" दोन धावा झाल्या. सरांना उचलायला गेलेल्या दोघांना त्यांनी अंगाला हात लावू दिला नाही, शेवटची रनर बेसवर थांबेपर्यंत. मग म्हणाले, "टाइम," आणि मग विव्हळले.

या खेळाचा जन्म १८८७ मध्ये शिकागोच्या एका क्लबात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी झाला. एकाने गंमत म्हणून बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला आणि जॉर्ज हॅनकॉकने तोच ग्लोव्ह दोरीने बांधून चेंडू केला. त्या पहिल्या सामन्याचा गुणफलक ४१-४० असा सांगतात. सर हे ऐकून दरवेळी सुस्कारा टाकतात. "एक्क्याऐंशी धावा! बेस अंपायर नसणारच तिथे."

सरांची एकच काळजी असते. सामन्याआधी दोन अंपायर मैदानाच्या कडेला उभे राहून ठरवतात, काय झालं तर कोणी कुठे जायचं. फर्स्टवर रनर असताना चेंडू बाहेर फटकावला गेला तर बेस अंपायर आत वळतो आणि बॅटरकडे बघतो. फर्स्टवाली पळत थर्डला गेली, तर तो निर्णय प्लेट अंपायरचा. त्याने होम सोडून थर्डकडे धावायचं. दोन अंपायरांच्या सगळ्या शास्त्रातला हाच एक सांधा, आणि तो नेमका निखळतो. म्हणून सर जोडीदाराला पाच वेळा विचारतात, "थर्ड कोणाचा?" त्याने पाच वेळा "माझा" म्हणायचं.

परवा जोडीदार नवा होता, अंपायरची परीक्षा नुकतीच पास झालेला. सतरा वर्षांखालच्या मुलींचा सामना, दुपारचा. सातवी इनिंग, दोन बाद, फर्स्टवर रनर, एका धावेचा फरक. थर्ड कोणाचा हे पाच वेळा झालं होतं. चेंडू सेंटर आणि राइट फिल्डच्या मधून गेला. सर आकड्यासारखे आत वळले, इतके देखणे की मी पेन्सिल थांबवून बघत राहिलो. बॅटर फर्स्टला लागून वळली, सरांचे डोळे तिच्यावर. तिकडे फर्स्टवाली सेकंड ओलांडून थर्डकडे सुटली होती. चेंडू आला, धूळ उडाली, पोरगी पोटावर घसरली. थर्ड बेसवालीने चेंडू उंच धरला. सगळं मैदान अंपायरकडे बघायला लागलं.

दोन्ही अंपायर एकमेकांकडे बघत होते. नव्या मुलाच्या हातात बॅट होती. होमच्या वाटेत पडलेली, कोणाचा पाय पडेल म्हणून त्याने वाकून उचललेली. वाकला तो क्षण थर्डचा होता.

"थर्ड कोणाचा?" सर म्हणाले. सहाव्यांदा.

थर्डच्या बाहेर, भिंतीला लागून, एक सिंधी आजी प्लास्टिकच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "पुट, हाथ पहले लगा. गेंद बाद में."

प्रेक्षकांचं मत घेता येत नाही. सर नव्या मुलाजवळ गेले, कानात काहीतरी बोलले. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने बॅट खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले. सेफ. बाद मागणाऱ्या बाजूचे कोच तरातरा आले, तर सर मधे उभे. "त्याने दिलंय. थर्ड त्याचा." एवढंच. कोच परत गेले. पुढच्याच चेंडूला बॅटरने उंच झेल दिला आणि सामना संपला. सेफ दिलं काय आणि आऊट दिलं काय, जिंकणारे तेच जिंकले. मी वहीत तसं लिहिलं आणि मिटली.

सामान आवरून वर बघितलं तर सर त्या भिंतीपाशी होते. आजी नळावर मटार धुवायला गेली होती. सर तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची फिरवली नाही, सरकवली नाही, होती तशीच. थर्डकडे बघितलं, थ्रो जिथून आला तिकडे बघितलं, मग उठून खुर्चीपासून बेसपर्यंत पावलं मोजली. "काटकोन," माझ्याकडे बघून म्हणाले. "चेंडू, फिल्डर, रनर, बेस, चारही गोष्टी दिसतात. मान हलवायला नको." आजी परत आली तेव्हा त्यांनी हात जोडून विचारलं, "अम्मा, ये जगह आपको किसने बताई?"

"यहाँ छाँव है, पुट," आजी म्हणाली.

पुढच्या रविवारी सामना सकाळचा होता. सावली फर्स्टच्या बाजूला होती आणि आजीची खुर्चीही.